पेनसिल्व्हेनियातील नर्सिंग होम प्रशासकांच्या परवाना मंडळावर काम करण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहते. निवृत्तीपूर्वी सल्लागार फार्मासिस्ट म्हणून मी अनेक वर्षे वेगवेगळ्या नर्सिंग होममध्ये जात असे. तेथील प्रत्येक रहिवाशाची औषधे महिन्यातून किमान एकदा फार्मासिस्टने तपासावीत, असा फेडरल नियम आहे. त्या निमित्ताने वृद्ध आणि दीर्घ आजारी रहिवाशांची ही घरे, तेथील नर्स आणि प्रशासक यांचे काम जवळून पाहता आले. आता राज्याच्या नर्सिंग होम प्रशासक परीक्षक मंडळाच्या सदस्यत्वासाठी अर्ज करावा, असे एका जुन्या सहकाऱ्याने सुचवले आहे. वैद्यकीय, नर्सिंग किंवा अन्य कोणत्याही व्यवसायाच्या परवाना मंडळावर ज्यांनी काम केले असेल, त्यांचा सल्ला मला हवा आहे.

मंडळाची थोडी पार्श्वभूमी सांगते. सामाजिक सुरक्षा कायद्यात १९६७ साली दुरुस्ती झाली आणि मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत) सहभागी असलेल्या राज्यांना नर्सिंग होमच्या प्रशासकांसाठी परवाना पद्धत ठेवणे बंधनकारक झाले. १ जुलै १९७० पासून ते लागू आहे. परवाना देणे, तक्रारींची दखल घेणे आणि गरज पडल्यास परवाना स्थगित किंवा रद्द करणे ही मंडळाची कामे आहेत. मंडळात कोणत्याही एका व्यवसायाचे बहुमत असू नये आणि जे सदस्य संस्थांचे प्रतिनिधी नाहीत, त्यांचे नर्सिंग होममध्ये थेट आर्थिक हितसंबंध नसावेत, असेही फेडरल नियम सांगतो. आपल्याकडे सदस्यांची नेमणूक गव्हर्नर करतात आणि तिला सिनेटची मान्यता लागते.

माझी खरी अडचण निवाड्याच्या बाबतीत आहे. नर्सिंग होमचा स्वतःचा परवाना राज्याच्या आरोग्य विभागाच्या हाती असतो, तर या मंडळासमोर येते ती केवळ एक व्यक्ती, म्हणजे प्रशासक. परंतु अनेक घरे मोठ्या साखळ्यांच्या मालकीची आहेत आणि कोणत्या पाळीत किती माणसे ठेवायची याचा पैसा मुख्य कार्यालयात ठरतो. एका घरी मी पाहिले होते की संध्याकाळच्या पाळीला एकच नर्स औषधांची गाडी घेऊन दोन कॉरिडॉर सांभाळत होती, आठची गोळी साडेदहाला दिली जात होती आणि तोपर्यंत खोल्यांच्या दारांवरचे बोलावण्याचे दिवे पेटलेलेच होते. प्रशासकाने आणखी माणसे मागितली होती आणि मुख्य कार्यालयाने नकार दिला होता, हे गुणवत्तेच्या मासिक बैठकीत सर्वांसमोर बोलले गेले होते. पुढे तपासणी झाली आणि नेहमीचा २५६७ क्रमांकाचा अहवाल आला. त्याच्या डाव्या रकान्यात तपासनिसांनी त्रुटी नेमक्या नोंदवल्या होत्या. उजव्या रकान्यात सुधारणेची योजना म्हणून ‘नर्सना पुन्हा प्रशिक्षण देण्यात येईल’ एवढेच लिहिले होते आणि खाली प्रशासकाची सही होती. जिथे माणसेच कमी होती, तिथे प्रशिक्षणाने काय साधणार होते?

आपल्या राज्यात १ जुलै २०२४ पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान ३.२ तासांची प्रत्यक्ष शुश्रूषा आवश्यक आहे. २०२३ च्या मध्यापर्यंत हे प्रमाण २.७ तास होते. ही वाढ फार आधी व्हायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती पाळली न गेल्यास शिक्षा सही करणाऱ्याला व्हावी की नाही, आणि झाल्यास किती, हे मला ठरवता येत नाही. दुसरीकडे, सगळे ठाऊक असूनही आठवडाभर कॉरिडॉरमध्ये पाऊल न टाकणारे प्रशासकही मी पाहिले आहेत, आणि मुख्य कार्यालयाकडे बोट दाखवून त्यांची सुटका व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. हा भेद कागदपत्रांतून कसा ओळखावा?

आणखी दोन लहान प्रश्न आहेत. नर्सिंग होमच्या इमारती भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. ते विकावेत का? आणि आपल्या मराठी मंडळातील परिचितांपैकी कोणाचा अर्ज किंवा कोणाविरुद्धची तक्रार समोर आली, तर काय करावे?

प्रतिसाद १

नमस्कार. मी याच राज्यातील दुसऱ्या एका व्यवसायाच्या मंडळावर होतो, त्या अनुभवावरून लिहितो. चौकशी करणे हे आपले काम नसेल, हे आधी लक्षात घ्यावे. लिनेस विरुद्ध स्टेट बोर्ड ऑफ मेडिसिन या १९९२ च्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, खटला भरण्याचा निर्णय आणि निवाडा ही दोन्ही कामे त्याच सदस्यांनी करू नयेत, असे ठरवले. त्यामुळे आरोप ठेवायचे की नाही हे अभियोक्ते पाहतात आणि आपल्यासमोर साक्षींची नोंद व पुरावे येतात. सुनावणी अधिकाऱ्याचा अहवाल वाचण्यापूर्वी मूळ पुरावे वाचावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकदा दुसऱ्याचा निष्कर्ष डोक्यात बसला की कागद वेगळे दिसू लागतात.

आपण विचारलेला भेद बहुधा तारखांत सापडतो. प्रशासकाला उणीव केव्हा कळली, त्याने कोणाला लेखी कळवले, नकार मिळाल्यावर आपल्या अधिकारात काय केले, हे क्रमाने मांडून पाहावे. माणसे अपुरी असताना नवे रहिवासी घेणे थांबवावे, असे त्याने लेखी सुचवले होते का, हा प्रश्न मला सर्वांत बोलका वाटतो. पैसा त्याच्या हातात नसला, तरी हे सांगणे नक्कीच त्याच्या हातात होते. निर्णयाची कारणे सविस्तर लिहावीत, कारण अपील राज्याच्याच कॉमनवेल्थ कोर्ट या न्यायालयात जाते आणि तेथे ती बारकाईने वाचली जातात.

शेअर नेमणुकीपूर्वीच विकावेत. तरीही शंका उरल्यास राज्याच्या एथिक्स कमिशनकडे लेखी विचारणा करता येते. आर्थिक हितसंबंधांचे विवरणपत्र दरवर्षी १ मेपर्यंत भरावेच लागते. परिचिताचे प्रकरण आल्यास बैठकीच्या आरंभीच तसे सांगावे, इतिवृत्तात नोंद करून घ्यावी आणि चर्चा संपेपर्यंत खोलीबाहेर थांबावे. मत न देता तेथेच बसून राहणे मला पुरेसे वाटत नाही. समारंभात कोणी विषय काढलाच, तर नम्रपणे पण लगेच थांबवावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. शेअर विकण्याचे मी निश्चित केले आहे. एक शंका मात्र उरते. नोकरी जाण्याच्या भीतीने अनेक प्रशासक मुख्य कार्यालयाशी फोनवरच बोलतात आणि लेखी काहीच ठेवत नाहीत. शिवाय प्रशासक वारंवार बदलत असल्यामुळे नव्याने आलेल्याला आधीच्याने सही केलेली योजनाच पुढे चालवावी लागते. अशा वेळी लेखी पुरावा नसणे हाच दोष धरावा, की नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांच्या साक्षींवर अधिक विसंबावे? ज्यांनी असे प्रकरण हाताळले आहे, त्यांनी कृपया लिहावे.