वारे गेले, पण किती वाजता?

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. काल सकाळी सी विंगमधील काकांच्या हातून कपबशी निसटली, ओठ एका बाजूला ओढले गेले आणि शब्द अडखळू लागले; तरीही रात्रीची झोप झाली नसेल असे समजून घरच्यांनी त्यांना तासभर निजवून ठेवले. काकांवर मिरजेत उपचार चालू आहेत. बी-२०४ मधील ताईंनी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यांनी कृपया माहिती द्यावी.

बी-२०४: आपण ज्याला अंगावरून वारे जाणे म्हणतो, त्यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. रुग्णाला हसायला सांगावे, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावावेत आणि 'आज गणपतीच्या देवळात गर्दी आहे' असे एखादे वाक्य म्हणवून घ्यावे. तोंड वाकडे होणे, एक हात खाली घसरणे, बोलणे बोबडे होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करावा. अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे हेही त्यातच आले.

ए-१०१: ताई, दिवाळीत सासूबाईंचा हात दहा मिनिटे लुळा पडून आपोआप बरा झाला होता. तेव्हाच दाखवायला हवे होते का?

बी-२०४: हो वहिनी, त्याच दिवशी, कारण अशा प्रसंगानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. दाखवले नसेल तर उद्याच न्यावे.

सी-३०३: घरात ॲस्पिरिन आहे. अशा वेळी द्यावी का?

बी-२०४: मुळीच नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय मलाही सांगता येणार नाही. पाणीसुद्धा पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. लकव्याचा झाडपाला देणाऱ्याकडे आधी जाणाऱ्यांना तर मी हात जोडते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि ते तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री १० वाजता निजलेला माणूस सकाळी ६ वाजता वाकड्या तोंडाने उठला, तर ८ तास गेले असे धरतात. तरीही घरी थांबू नये, कारण मोठी गुठळी काही रुग्णांत २४ तासांपर्यंत नळीवाटे काढता येते.

सी-३०३: म्हणूनच काल डॉक्टर वेळ विचारत होते! दूध घेताना ६ वाजून १० मिनिटांनी काका माझ्याशी व्यवस्थित बोलले होते. ते मी सांगितले, त्यामुळे इंजेक्शन देता आले.

सचिव: आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, हेही काल कळले. वॉचमनच्या खोलीत आजपासून चाकांची खुर्ची ठेवली आहे.