अनुभव धागा: पावसाळा, कुत्री-मांजरं आणि गोचीड

कोकणपट्टीत उघडीप पडली की गोचिडांचा सुळसुळाट होतो. नेमकं काय करता, प्रमाणासकट लिहा. ‘कडुनिंब लावा’ एवढंच नको.

श्वानपालन, रत्नागिरी
गोचीड कुत्र्यावर चढते ती रक्त प्यायला. फुगून टंच झालेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात हजारांवर अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही. भेगा लांबी (पुट्टी) भरून बुजवा, गोणपाट जाळून टाका, चादरी उकळत्या पाण्यातून काढा. छताजवळचे कोपरेही बघा, ही जात वर चढते.

पशुवैद्य, ठाणे
वरच्याशी सहमत. अंगाला लावायला 12.5 टक्के अमिट्राझ (गोचीड मारायचं औषध) लिटरभर पाण्यात 2 मिली, मोजायला सिरिंज. ‘अंदाजाने एक झाकण’ हाच घोळ असतो; जास्त झालं की कुत्रं पेंगतं, लाळ गाळतं, नाडी मंदावते. लावल्यावर धुवायचं नाही, पुसायचं नाही. सुकेपर्यंत चाटू द्यायचं नाही. लहान पिल्लं, मधुमेही कुत्री आणि मांजरं यांना हे वर्ज्य.
मानेवर थेंब सोडायचं फिप्रोनिल (हेही गोचीडनाशक) ‘लागू पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी ते बहुधा केसांवर ओतलेलं असतं. केस फाकवून कातडीवर सोडा. आधी आणि नंतर 2 दिवस आंघोळ नाही.

मांजरवाली, पणजी
कुत्र्याच्या औषधावर पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) लिहिलेलं असेल तर मांजराला थेंबही नको. थरथर, झटके, वेळेत उपचार नाही मिळाले तर मृत्यू. ‘छोटं जनावर, अर्धा डोस’ हा हिशेब इथे चालत नाही. घरात दोन्ही असतील तर कुत्र्यावरचं औषध पूर्ण सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

ग्रूमर, मुंबई
कानाच्या पाळीची घडी, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली: रोज बोटांनी चाचपा. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. स्पिरिटच्या बाटलीत टाका, नखाने चिरडू नका. रॉकेल लावल्याने कातडी भाजते, आणि चिडलेली गोचीड जखमेत लाळ ओकते.

पशुवैद्य, ठाणे
एक राहिलं. गोचीड निघून गेल्यावरही 1 ते 3 आठवड्यांत ताप येऊ शकतो. खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी, प्लेटलेट्ससकट. एर्लिकिया (गोचिडीतून रक्तात शिरणारा जंतू) निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण 28 दिवस चालतं. ताप दोन दिवसांत उतरतो आणि मालक गोळ्या बंद करतात. मग तोच पेशंट पुन्हा येतो.