मदत हवी आहे: संयुक्त पदव्युत्तर पदवीसाठी विद्यापीठाचं प्रशासन कसं सज्ज करायचं?

इरॅस्मस मुंडसच्या (युरोपियन संघाची संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची योजना) धर्तीवर ३ देशांतल्या ३ विद्यापीठांचा, २ वर्षांचा, १२० ईसीटीएस (युरोपातली श्रेयांक मोजण्याची पद्धत) क्रेडिटचा अभ्यासक्रम आखतोय. विभाग राजी आहे, गाडी अडलीय प्रशासनात.

नोंदणी विभागाची शंका रास्त आहे. संगणक प्रणालीत एका विद्यार्थ्याला एकच संस्था लावता येते. तो दुसऱ्या सत्रात परदेशी गेला की 'गैरहजर' दिसतो, आणि व्हिसासाठीचं नोंदणी प्रमाणपत्रच निघत नाही. परीक्षा विभागाला गुणांच्या रूपांतराचा तक्ता हवाय. सरळ टक्केवारीने गुणाकार केला, तर जिथे हात आखडून गुण देतात तिथला विद्यार्थी मागे पडतो. त्यामुळे श्रेणींच्या वितरणावरूनच, म्हणजे किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळते त्यावरून, तक्ता करावा, असं माझं मत. (हे समजावताना घाम फुटतो.)

अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेच्या मूल्यमापनासाठी २०१५ चा युरोपियन अप्रोच (संयुक्त अभ्यासक्रमांसाठीची सामायिक पद्धत) आहे. तिन्ही देशांचे कायदे तो मानत असतील तर एकदाच मूल्यमापन पुरतं.

आता प्रश्न. करार आधी विद्वत परिषदेत न्यावा की वित्त समितीत? पदवीपत्र एकच, तिघांच्या सह्यांचं, की प्रत्येकाचं वेगळं? शुल्क एकाच विद्यापीठाने घेऊन वाटायचं, तर परताव्याची जबाबदारी कुणाची लिहिलीत? आणि अनुदान संपल्यावर समन्वयकाचा पगार कोणत्या लेखाशीर्षात बसवलात?

कराराचा मसुदा कुणाकडे असेल तर नावं झाकून पाठवा.