सासूबाईंच्या कागदावर ‘ॲड्रेनलिनची ॲलर्जी’ असे लिहिले आहे. ते खरे मानावे का?

प्रश्न (ऐरोलीहून)

गेल्या महिन्यात कोळंबीचे कालवण जेवल्यावर साधारण वीस मिनिटांत माझ्या सासूबाईंच्या (वय ६१) अंगभर गांधी उठल्या. पित्त उठले असेल असे समजून आम्ही आमसुलाचे पाणी लावले आणि त्यात बराच वेळ गेला. नंतर ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि श्वास घेताना घरघर होऊ लागली, तेव्हा त्यांना तिसऱ्या मजल्यावरून चालवत खाली आणून जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे आधी एव्हिल (खाज-गांधीवरचे ॲलर्जीचे औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) दिले. त्याने उतार पडेना, म्हणून मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. श्वास मोकळा झाला, पण लगेच हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली, चेहरा पांढरा पडला आणि डोके ठणकू लागले. अर्ध्या तासात हे सारे शमले आणि दोन तासांनी आम्हाला घरी पाठवले. रात्री अकराच्या सुमारास मात्र पुन्हा गांधी उठल्या.

घरी पाठवताना दिलेल्या कागदावर ‘ॲड्रेनलिनची ॲलर्जी’ असा शेरा आहे, आणि हे इंजेक्शन बाधले, पुन्हा कधी घेऊ द्यायचे नाही, असे घरातले सगळे म्हणतात. ॲलर्जीवरच्या औषधाचीच ॲलर्जी असू शकते का? पुन्हा असा प्रसंग आला तर काय करायचे, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर १ (निवृत्त परिचारिका, कळवा)

ताई, तुम्ही सांगितलेली थरथर, धडधड, पांढरेपणा आणि डोकेदुखी ही ॲलर्जीची लक्षणे नव्हेत. औषध आपले काम करत असताना ती दिसतातच. ॲड्रेनलिन आपल्या शरीरात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत तयार होते, आणि घाबरल्यावर छातीत जी धडधड होते ती त्याचीच असते. बाहेरून दिलेली मात्रा तेच घडवते, फक्त जास्त जोराने, आणि वीस-तीस मिनिटांत ओसरते. अतिदक्षता विभागातल्या माझ्या नोकरीत ही घाबरगुंडी मी असंख्य वेळा पाहिली आहे. रुग्णाला आणि नातेवाइकांना आधीच सांगून ठेवले असते, तर असा शेरा लिहिण्याची वेळ आली नसती असे मला मनापासून वाटते.

इंजेक्शन कोणत्या मार्गाने दिले, हे मात्र कागदावर तपासा. प्रौढ माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधले अर्धे मिलिलिटर देतात. हीच मात्रा चुकून थेट शिरेत वेगाने गेली, तर रक्तदाब एकदम चढणे, छातीत दुखणे, ठोके अनियमित होणे असे गंभीर प्रकार होतात. तोही मात्रेचा आणि मार्गाचा दोष असतो, ॲलर्जी नव्हे. ॲम्प्यूलमध्ये औषध टिकावे म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइट घातलेले असते, आणि काही दमेकऱ्यांना सल्फाइट सोसत नाही. तरीसुद्धा जीव धोक्यात असताना त्या कारणासाठी ॲड्रेनलिन रोखून धरत नाहीत.

रात्रीच्या गांधी इंजेक्शनमुळे उठल्या नसाव्यात, कारण त्याचा परिणाम इतका वेळ टिकत नाही. मूळ प्रतिक्रिया काही तासांनी, क्वचित ७२ तासांपर्यंतही, पुन्हा उसळू शकते. म्हणून इतका त्रास झालेल्या रुग्णाला दोन तासांत घरी पाठवणे मला घाईचे वाटते. आणि एक कळकळीची विनंती आहे: पुन्हा असे झाले तर त्यांना चालवू नका. आडवे करून पाय उंच ठेवा, श्वासाला फार त्रास होत असेल तर टेकून बसवा, आणि १०८ ला फोन करा. अशा वेळी एकाएकी उभे केल्याने रक्तदाब कोसळून रुग्ण दगावल्याची उदाहरणे आहेत.

उत्तर २ (एक पालक, घोडबंदर रस्ता)

वरचे सगळे मान्य आहे, पण ‘औषधाने काही होत नाही’ असा सरसकट अर्थ कोणी काढू नये, म्हणून आमचा अनुभव लिहितो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दुधाची तीव्र ॲलर्जी आहे. एकदा त्रास झाला असता त्याला मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले आणि त्याची घरघर कमी होण्याऐवजी वाढली. पुढे ॲलर्जीतज्ज्ञांकडून कळले की त्या औषधाच्या काही बाटल्यांत, विशेषतः ४० मिलिग्रॅमच्या, लॅक्टोज (दुधातली साखर) असते आणि त्यात गाईच्या दुधातील प्रथिनांचा अंश राहू शकतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१७ मध्ये अशी लॅक्टोजयुक्त इंजेक्शने दुधाची ॲलर्जी असलेल्यांना देऊ नयेत असे सांगितले आहे. तेव्हा शंका आली, तर औषधाच्या नावासोबत बाटलीतले इतर घटकही नोंदवून ठेवावेत.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कागदावर ‘०.५ मिलि, आयएम’ (म्हणजे स्नायूत) असेच आहे. एक सांगायचे राहिले: सासूबाई रक्तदाबासाठी रोज मेटोप्रोलॉल घेतात. त्याचा काही संबंध आहे का?

उत्तर ३ (डॉक्टर, नौपाडा)

आहे, आणि खरे तर या कागदावर ठळकपणे लिहायला हवी होती ती हीच गोष्ट. मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारे औषध आहे. अशा गोळ्या चालू असताना ॲड्रेनलिनचा प्रभाव कमी पडू शकतो आणि तेव्हा डॉक्टरांना ग्लुकॅगॉन हे दुसरे इंजेक्शन द्यावे लागते. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका; ती बदलता येईल का हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, पण घशाची सूज किंवा कोसळणारा रक्तदाब त्याने सावरत नाही, आणि हायड्रोकॉर्टिसोनला काम सुरू करायला काही तास लागतात. ॲड्रेनलिन सर्वांत आधी द्यायचे असते, आणि गरज पडल्यास ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. अशा रुग्णाच्या कागदावर चुकीचा शेरा राहिला, तर पुढच्या वेळी तिथला डॉक्टर कचरेल आणि तेवढी मिनिटे वाया जातील. म्हणून हा कागद घेऊन ॲलर्जीतज्ज्ञांना भेटा आणि शेरा लेखी बदलून घ्या. तोवर कोळंबीसोबत चिंबोरी आणि शेवंडही वर्ज्य ठेवा, कारण त्या सर्वांत ॲलर्जी आणणारे प्रथिन बरेचसे सारखे असते. एखाद्या औषधाने खरोखर दुष्परिणाम झाल्याची शंका असेल, तर भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात.

प्रश्नकर्ती

आज ॲलर्जीतज्ज्ञांना भेटून आलो. जुना शेरा खोडून त्यांनी सहीनिशी लिहून दिले आहे: ‘कोळंबीची तीव्र ॲलर्जी. मेटोप्रोलॉल चालू आहे. ॲड्रेनलिन देण्यास हरकत नाही. विलंब करू नये.’ एक प्रत सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवली आहे आणि दुसरी फ्रिजवर लावली आहे.