भारत–थायलंड सामना बरोबरीत सुटला असता तर? महिला फुटबॉल आशिया चषक पात्रता फेरीचा नियम

कॉर्नर_फ्लॅग: ५ जुलै २०२५, चिआंग माई. शेवटच्या सामन्याआधी भारत आणि थायलंड दोघांचे ९ गुण, दोघांचे २२ गोल, आणि दोघांवर एकही गोल नाही. आपण २-१ जिंकलो म्हणून प्रश्नच उरला नाही. पण १-१ राहिलं असतं तर मुख्य स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाला कोण गेलं असतं? मंगोलियावरच्या १३-० चा काही फायदा झाला असता का? आणि गटात दुसरं येऊन चाललं असतं का?

लाइन्समन: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. दुसऱ्या क्रमांकाला काहीच नव्हतं. ३४ संघ, आठ गट, आणि फक्त गटविजेते पुढे. उरलेल्या चार जागा आधीच भरलेल्या: यजमान ऑस्ट्रेलिया आणि २०२२ चे पहिले तीन, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया, जपान.

आता बरोबरीचं. इंग्लिश प्रीमियर लीग बघून आपल्याला आधी एकूण गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) मोजायची सवय लागलीये. आशियाई फुटबॉल महासंघाच्या नियमात तो खाली येतो. समान गुण असलेल्या संघांचे आधी आपसातल्या सामन्यातले गुण बघतात, मग आपसातला गोलफरक, मग आपसातले गोल. तिथेही सुटलं नाही तरच एकूण गोलफरक आणि एकूण गोल.

१-१ झालं असतं तर आपसातलं सगळं समान. एकूण हिशेबही दोघांचा २३-१. म्हणजे थेट पेनल्टी शूटआउट, त्याच मैदानावर, जादा वेळ न खेळवता. थायलंडने ४७व्या मिनिटाला बरोबरी केली आणि संगीता बासफोरने ७४व्या मिनिटाला दुसरा गोल मारला. मधली २७ मिनिटं सामना शूटआउटकडेच चालला होता.

डावा_विंगर: १३-० ची किंमत इथेच कळते. भारताचे निकाल १३-०, ४-० आणि ५-०. थायलंडचे ११-०, ४-० आणि ७-०. मंगोलियाविरुद्ध जी दोनची आघाडी मिळाली ती इराकच्या सामन्यात फिटली. थायलंडने इराकला एक गोल कमी मारला असता, तर शेवटच्या दिवशी आपल्याला बरोबरी पुरली असती आणि जोखीम त्यांनी घ्यायची होती. म्हणून ६-० झाल्यावरही पाय काढून घ्यायचा नसतो. पाच संघांच्या गटात, दर तीन दिवसांनी सामना असताना, प्रमुख खेळाडूंना विश्रांती द्यायची की आणखी गोल मारायचे हा खरा पेच असतो.

प्रशिक्षकाने आणखी एक सांभाळायचं. शूटआउट शक्य दिसत असेल तर ८०व्या मिनिटाआधीच पाचही बदल संपवू नयेत, आणि पेनल्टी घेणाऱ्या मुलींना बाहेर काढू नये. शेवटची शिट्टी वाजताना जे मैदानावर असतील तेच किक मारतात.

कॉर्नर_फ्लॅग: म्हणजे असं कुठे प्रत्यक्ष झालं का?

लाइन्समन: झालं, त्याच पात्रता फेरीत. उझबेकिस्तान–नेपाळ ३-३ सुटला, मग पेनल्टीवर उझबेकिस्तान गेलं. नेपाळ बाहेर. फार वाईट वाटलं.

पण शूटआउटला दोन अटी आहेत. समान असलेले संघ दोनच हवेत, आणि तेच दोघे शेवटच्या फेरीत एकमेकांशी खेळत असायला हवेत. नाहीतर पंचांनी दाखवलेली कार्डं मोजतात: पिवळ्याला १, दोन पिवळ्यांमुळे लालला ३, थेट लालला ३, पिवळं मिळालेलं असताना थेट लाल आलं तर ४. ज्यांचे कमी ते वर. त्यातही समान, तर चिठ्ठ्या.

बालेवाडी_ईस्ट_स्टँड: तीन संघ समान असले तर आणखी एक घोळ होतो. तिघांच्या आपसातल्या सामन्यांचा छोटा तक्ता करायचा, बाकीच्या संघांविरुद्धचे गोल वगळून. त्यातून एक वेगळा पडला की उरलेल्या दोघांसाठी आपसातला नियम पुन्हा पहिल्यापासून लावायचा. बहुतेक वेबसाइटचे तक्ते हे करत नाहीत, एकूण गोलफरकावर क्रम लावून मोकळे होतात. शेवटच्या दिवशी तो क्रम बघून पैज लावू नका.

आणि हे यश किती मोठं आहे तेही लिहायला हवं. २०२२ ला आपण यजमान होतो, सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. इराणशी ०-० झाल्यावर संघात कोविड पसरला आणि स्पर्धाच सोडावी लागली. पात्रता फेरी खेळून, तीही क्रमवारीत वर असलेल्या थायलंडला त्यांच्याच घरी हरवून, भारत पहिल्यांदाच गेला.