हातातला पैसा फोनमध्ये गेला : तुमच्या घरातले अनुभव लिहा

मुग्धा_सातारा

परवा आईचं शिवणयंत्र पुसायला काढलं. त्याचा उजवीकडचा छोटा ड्रॉवर कायम अडकायचा, म्हणून तो कधी पूर्ण बाहेर काढलाच नव्हता. या वेळी जोर लावला तर अख्खा हातात आला. मागच्या फटीतून दोन बॉबिन, खडूचा तुकडा आणि रबर लावलेली एक सुरळी खाली पडली. पाचशेच्या सात नोटा. जुन्या. सोबत वहीचा कपटा, त्यावर आईच्या अक्षरात 'अस्तर ब्लाउज ६, फॉल-पिको ११'.

आई २०१८ साली गेली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं, "आई, घरात पाचशे-हजाराच्या नोटा आहेत का गं?" म्हणाली, "माझ्याकडं कुठलं आलंय एवढं." बाबा शेजारीच बसले होते. आज वाटतं, त्यांच्यासमोर तिला सांगायचं नसेल. ३० डिसेंबरची मुदत गेली आणि रात्री जागून केलेल्या फॉल-पिकोचा कागद झाला.

या नोटा सापडल्या त्याच आठवड्यात मी ई-रुपयाचं ॲप घेतलं. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, सगळ्यांसाठी. तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. आईसारख्या बाईला हा पैसा 'आपला' वाटेल का? तिचं खातं बाबांबरोबर जॉइंट, मेसेज बाबांच्या फोनवर. तिला ड्रॉवरच्या मागची फट लागायची. नवीन पैशात ती फट कुठे आहे?

तुमच्या आई, सासूबाई, मावशी, भाजीवाले, कामगार, कोणाचंही लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

अनघा_डोंबिवली

वाचून गलबलून आलं गं. माझ्या आजीचे तांदळाच्या डब्यात असायचे. लोकलमध्ये आहे, रात्री सविस्तर लिहिते.

रेवा७७

मशीन पायाचं आहे की हाताचं? आमच्याकडचं पायाचं मी अजून वापरते. ड्रॉवर अडकतो तो लाकूड फुगल्यामुळे. कडेला मेणबत्ती घास.

निवृत्त_रोखपाल

मुग्धाताई, आधी एक कामाचं. २०१७ च्या कायद्यानुसार जुन्या नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. तुमच्या सात आहेत, आठवण म्हणून खुशाल ठेवा.

नोटबंदीत मी काउंटरवर होतो. सुरुवातीला ४,००० बदलून मिळायचे, मग ४,५००, मग एकदम २,०००. बोटाला शाई लावायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बायका यायला लागल्या, एकेकट्या, दुपारच्या वेळी. नोटा इतक्या बारीक घड्या घातलेल्या की मोजायच्या आधी टेबलावर तळव्याने सपाट कराव्या लागायच्या. एकीने हळूच विचारलं, "साहेब, पासबुकात आलं तर घरी कळंल का?" मी "हो" म्हणालो. ती नोटा घेऊन परत गेली. पुढे तिने काय केलं माहीत नाही. नऊ वर्षं होऊन गेली, चेहरा आठवतो.

आता ई-रुपयाबद्दल. लोक त्याची आणि यूपीआयची गल्लत करतात. यूपीआय हा रस्ता आहे, त्यावरून बँकेतला पैसा या खात्यातून त्या खात्यात जातो. ई-रुपया ही रिझर्व्ह बँकेची नोटच, फक्त कागदाऐवजी फोनमधल्या पाकिटात. धारकाला रक्कम देण्याचं जे वचन नोटेवर गव्हर्नरांच्या सहीने असतं, तीच जबाबदारी इथे. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र वित्त सचिवांची सही असते.) १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर इथे सामान्यांसाठी प्रयोग सुरू झाला. खिशातल्या नोटेवर जसं व्याज नाही तसं त्यावरही नाही. लहान रकमांना नोटेसारखी गोपनीयता ठेवायची असं रिझर्व्ह बँक सांगते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आईंची फट म्हणजे हीच गोपनीयता.

मुग्धा_सातारा

काका, ती नोटा घेऊन परत गेलेली बाई आता माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही.

रेवा, पायाचं आहे. पट्टा तुटलाय.

मंडईतली_लेक

प्रस्तावना वगैरे लिहीत नाही, सरळ मुद्द्यावर येते. आई सोलापुरात भाजी विकते, बावीस वर्षं झाली. वाचता येत नाही. क्यूआर लावला तेव्हा पहिले दोन महिने फार त्रास. कोणीही फोन पुढे करायचं, "गेले बघा मावशी," आणि ती मान डोलवायची. संध्याकाळी मी हिशोब बघितला की साठ, ऐंशी, कधी दीडशे कमी. नंतर बोलणारा डबा आला. आता ती डब्याकडे कान लावून बसते. डबा मराठीत "चाळीस रुपये मिळाले" म्हणाला की मगच पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात. गर्दीच्या वेळी डबा उचलून कानाला लावते, फोनसारखा. माझ्या आईला अक्षर न शिकता व्यवहार करता येतो तो त्या आवाजामुळे, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

पण खातं भावाच्या नावावर आहे. पहाटे आडत्याला रोख द्यावी लागते. म्हणजे आई रात्री भावाकडे स्वतःचेच पैसे मागते. आधी गल्ल्यातून काढायची. "बाळा, उद्या कोथिंबीर घ्यायचीय, दोन हजार काढून आण की." तो आणून देतो, चांगला आहे. तरी मागावं लागतंच ना.

अनघा_डोंबिवली

हे "मागावं लागतं" अगदी खरं 💔

तळकोकणातला

आमच्या वाडीत रेंज फक्त शाळेच्या मागच्या चढावर. रिक्षावाल्याला पैसे द्यायचे तर तो म्हणतो, "ऱ्हवांदे, मगे दिया." पुढच्या वेळी देतो, तोही लिहून ठेवत नाही. हे ओळखीवर चालतं. गणपतीत मुंबईहून आलेले पाहुणे मात्र चढावर उभे राहून फोन वर धरतात, मागे चार माणसं ताटकळत. गेल्या वर्षी एकाचे पैसे खात्यातून गेले, दुकानदाराला पोचले नाहीत. दोघंही बिचारे खरं बोलत होते. शेवटी दुकानदार म्हणाला, नारळ न्या, गणपती थांबत नाही. तीन दिवसांनी पैसे आपोआप परत आले आणि पाहुण्याने मुंबईहून आठवणीने पाठवले.

रेंज नसताना नोट चालते. डिजिटल पैसा चालला तर मी मानेन.

निवृत्त_रोखपाल

@तळकोकणातला, फेब्रुवारी २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने ई-रुपया ऑफलाइन चालवण्याची घोषणा केली, ती नेमकी तुमच्या वाडीसारख्या ठिकाणांसाठी. दोन फोन जवळ आणून, नेटशिवाय. तुमच्या चढाखाली चालला तरच मीही मानेन.

रेवा७७

मुग्धा, पट्टा मापाचा नको घेऊ. लांब मिळतो, कापून तारेच्या हुकाने जोडायचा. सैल राहिला तर चाक नुसतं फिरतं.

नैरोबीकर

इथे केनियात २००७ च्या मार्चमध्ये एम-पेसा सुरू झालं, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय. साधा बटणांचा फोन, इंटरनेट नाही, सिमच्या मेनूतून. मी आलो तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईंनी पगार रोख घ्यायला नकार दिला, मला धक्काच बसला. म्हणाल्या, रोख घेऊन बसने घरी जाताना चोरीची भीती, शिवाय गावी आईला त्यातलेच पाठवायचे. रस्त्यावर टोपलीत पालेभाजी विकणारी 'मामा मबोगा' सुद्धा फोनवर घेते.

पण इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की हे फोनमुळे चाललं नाही, एजंटामुळे चाललं. कोपऱ्याकोपऱ्यावर हिरव्या रंगाची टपरी, आत एक मुलगी, जाड वही, दोरीला बांधलेलं पेन. रोख द्या, फोनमध्ये घ्या. फोनमधले द्या, रोख घ्या. चुकून दुसऱ्याच नंबरला गेले की लोक धावत तिच्याकडेच येतात. ती ओरडते, समजावते, फोन लावून देते. आपल्याकडे ॲप चोख, पण अडल्यावर समोर माणूस नाही.

भांडी_घासून_आले

एजंटावरून. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे योजनेचे पैसे येत नव्हते. तीन चकरा झाल्या. शेवटी कळलं, पैसे येत होते, पण दुसऱ्याच खात्यात. कधीतरी कोणीतरी अंगठा घेऊन त्यांचं नवीन खातं उघडलेलं आणि आधार शेवटी तिथे जोडलं गेलेलं. योजनेचे पैसे आधार जिथे जोडलंय तिथेच जातात, हे मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग बँकमित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने अंगठ्यावर पैसे देणाऱ्या एजंटाकडे गेलो. अंगठा उमटेना. तीस वर्षं राख, साबण, तारेची घासणी, रेषाच उरलेल्या नाहीत. त्या पोराने ओल्या फडक्याने बोट पुसलं, मग कोरडं केलं, मग स्वतःच्या केसांना लावायच्या तेलाचा थेंब लावला. उजवा अंगठा नाही, डावा नाही. सातव्या वेळी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने झालं. मावशी बोटाकडे बघून म्हणाल्या, "ह्यानंच कधी काम केलं नाही म्हणून ह्याची रेघ राहिली."

मला घरी येऊन रडू आलं.

अनघा_डोंबिवली

😢 त्या मावशींना आणि तेल लावणाऱ्या पोराला दोघांनाही नमस्कार.

पुण्यातला_एक

बिटकॉइनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१७ साली ऑफिसातल्या मित्राने हॉटेलच्या हॉलमध्ये नेलं. दरमहा दहा टक्के, 'सामान्य माणसाचं चलन, बँकांची मक्तेदारी संपणार'. मी वडिलांच्या ग्रॅच्युइटीतले चार लाख घातले. वडिलांनी विचारलं होतं, "हे नाणं घेऊन वाण्याकडे गेलो तर साखर देईल का?" मी त्यांना जुन्या विचारांचे म्हणालो. पैसे बुडाले. ती योजना लुबाडणूकच होती, बिटकॉइन तिचं नुसतं नाव. ते मला नंतर समजलं.

नंतर मी सगळं मुळापासून वाचलं. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) तयार झाला, एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर जाणार नाहीत. २२ मे २०१० ला एकाने दोन पिझ्झे १०,००० बिटकॉइन देऊन घेतले. त्या दिवशी ते खरंच चलन होतं. आता कोणी त्याने पिझ्झा घेत नाही, कारण उद्या भाव वाढेल म्हणून सगळे धरून बसतात, नाहीतर पडेल म्हणून घाबरतात. एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये ते कायदेशीर चलन केलं, जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढली. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, म्हणजे सरकारही त्याला खर्चायचा पैसा धरत नाही. वडिलांचा साखरेचा प्रश्न मला आजही सगळ्यात मोठा वाटतो. ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी ते चार लाख पुन्हा कधी काढले नाहीत.

निवृत्त_रोखपाल

पुण्यातला_एक, मनाला लावून घेऊ नका. वडिलांनी काढले नाहीत म्हणजे तुम्हाला माफ केलं होतं. असे बाप मी काउंटरवर पाहिलेत.

मुरबाडची_सून

आमच्या जवळच्या धसईला डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हटलं होतं, आठवतंय का? वडापाववाल्याकडेसुद्धा कार्डाचं मशीन. पुढच्या उन्हाळ्यात गेले तर वडापाव रोखच घेतला. आता तिथेही क्यूआर आहेत, आणि ते कोणी जाहीर न करता आले. दूध उतू जातंय, पळते.

वैद्य_मामी

सगळ्यांना हात जोडून सांगते, पैसे घ्यायला पिन लागत नाही. लागत नाही. ह्यांनी जुना सोफा विकायला ठेवला, समोरचा म्हणाला "पिन टाका काका, पैसे येतील", आणि अठरा हजार गेले. ७१ वर्षांचे आहेत, आयुष्यभर पैचा हिशोब चोख. त्या दिवसापासून फोन हातात घेताना हात थरथरतो. लगेच ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला म्हणून थोडे अडवता आले. नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. आणि घरच्यांनी रागवू नका. मी रागावले, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मंडईतली_लेक

मामी, काकांना माझ्या आईचं सांगा. तीही फसली, आणि पुन्हा शिकली.

इथलं वाचून भावाशी बोलले. आईचं स्वतःचं खातं निघतंय, सोमवारी. डबा त्याला जोडायचा. ती म्हणाली, "मग पासबुक माझ्याजवळ ठेवीन, बटाट्याच्या पोत्याखाली."

मुग्धा_सातारा

हे वाचून किती बरं वाटलं सांगू!

आज पट्टा आणला. दुकानात यूपीआयचाच क्यूआर होता, तरी ई-रुपयातून दिले. ॲपमध्ये नोटांची चित्रं दिसतात, शंभरची एक त्यांच्याकडे गेली आणि माझ्याकडची कमी झाली. बँकेच्या पासबुकात 'मशीन पट्टा' असं काही दिसणार नाही, फक्त पाकिटात भरलेले पाचशे दिसतील. ते बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं, ही फट आईला दाखवता आली असती तर तिने नक्की विचारलं असतं, "आणि फोन तुझ्या बाबांनी मागितला तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिला स्वतःचा फोन लागला असता.

रेवा, पट्टा जोडला, पण चाक उलटं फिरतंय. दोरा तुटतो.

रेवा७७

पायाने सुरुवात करू नकोस. आधी उजव्या हाताने चाक आपल्याकडे ओढ, मग पाय. आणि बॉबिन बदल, आईची जुनी घाल, बाजारातली सैल बसते.

मुग्धा_सातारा

आईचीच घातली. चालतंय.