हिंगण्याची शाळा

पुण्यात इतिहास असतो तो पेठांतल्या शाळांना, उपनगरातल्या शाळा म्हणजे नुसती गर्दी, हे मत मला अजिबात पटत नाही. कर्वेनगर घ्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला तो शहरातच. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम तिकडे गेला. तेव्हा हिंगणं म्हणजे गावाबाहेरचं माळरान. फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवून झालं की अण्णा मैलोन्‌मैल चालत तिथे जात. १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली महिला विद्यापीठ, सगळं यातूनच वाढलं. अण्णांची मेहुणी पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, संस्थेच्या वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. (त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.)

शहर नंतर शाळेपर्यंत पोचलं. त्या भागाचं नावसुद्धा कर्व्यांवरून पडलं. आज तिथून सायकली, स्कूटी आणि दप्तरं घेऊन मुलींचे घोळके बाहेर पडतात, तेव्हा मला ती पहिली झोपडीच आठवते.